चोर बीटी लावावं का? आणि परवानगीचं घोडं नेमकं कुठं अडलंय?

पऱ्हाटीवाला_राळेगाव

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. काळी भारी जमीन. निम्म्याहून जास्त वावरात पऱ्हाटी म्हणजे कापूस, मधून मधून तुरीचं तास, उरलेल्यात सोयाबीन. वडिलांच्या काळात एनएचएच ४४ हे संकरित वाण होतं, मग २००२ नंतर बोंडअळीला मारणारं बीटी आलं, आता बोलगार्ड दोन लावतो. २०२५ च्या हंगामाला त्याच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल भाव सरकारने ९०१ रुपये ठरवून दिला होता. त्या पाकिटाबद्दल माझी तक्रार नाही.

मे महिना लागला की गावात दुसरं पाकीट फिरायला लागतं, तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या, पण सरकारी परवानगी नसलेल्या कापसाचं. चोर बीटी. दुकानात मागितलं तर नाही म्हणतात, संध्याकाळी माणूस घरी आणून देतो. भाव त्याच्या मर्जीवर, बिल मागायचं नाही. पाकिटावर झकास छपाई असते, पण लॉट नंबर नाही की उगवणीची टक्केवारी नाही.

आता मला त्याचा मोह का होतो ते सांगतो. मागच्या जुलैत झड लागली ती थांबेचना. वावरात पाय टाकला की घोट्यापर्यंत रुतायचा, डवरा म्हणजे कोळपं चालणं शक्यच नव्हतं. केना आणि लव्हाळा ही तणं पऱ्हाटीच्या वर गेली. वाफसा आला तेव्हा सगळ्या गावाला एकाच वेळी निंदणाला, म्हणजे तण काढायला, बाया हव्या होत्या. शेवटी दुसऱ्या गावाहून ऑटोने आणल्या, रोजी तीनशे आणि ऑटोचं भाडं वेगळं. एकराच्या एका निंदणाला आठ-दहा बाया लागतात आणि असे तीन निंदण होतात. हिशोब तुम्हीच करा. धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याचं चोर बीटी होतं. त्याने दोन माणसं लावली, पाठीवरच्या पंपाने एका सकाळी तणनाशक फवारून मोकळा झाला. आठवड्याभरात तण पिवळं पडलं, नंतर वाळून गेलं, पऱ्हाटी हिरवीगार. त्याच सकाळच्या वाऱ्याने माझ्या सोयाबीनची धुऱ्यालगतची तासं करपली ती गोष्ट निराळी. त्यावरून आमचं भांडण झालं, पण तो माणूस वाईट नाही. त्याच्या जागी मी असतो तरी फवारलंच असतं.

माझा प्रश्न सरळ आहे. टीव्हीवर एक जण म्हणतो या औषधाने कॅन्सर होतो. दुसरा म्हणतो अमेरिकेत हेच कापसाचं बियाणं पंचवीस वर्षांपासून लावतात. हे खरंच धोक्याचं असेल तर आमच्या तालुक्यात एवढं लागतंय आणि कोणी काही करत नाही, हे कसं? आणि धोक्याचं नसेल तर मला ते चोरासारखं अंधारात का विकत घ्यावं लागतं? दोन्हीपैकी एक काहीतरी खोटं आहे.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा. विज्ञान काय म्हणतं, सरकारची फाईल कुठे अडली आहे, आणि यंदा मी काय करू. पेरणी तोंडावर आली आहे.

---

कीडवाले_काका

कापसाच्या किडींवर काम करण्यातच माझी नोकरी गेली. आता निवृत्त आहे, नागपूरला असतो. जरा सविस्तर लिहितो.

भाऊ, सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. चोर बीटीतला जो ‘एचटी’, म्हणजे तणनाशक सहन करणारा, भाग आहे त्याचा बोंडअळीशी काडीचाही संबंध नाही. बोलगार्ड दोनमध्ये मातीतल्या एका जिवाणूची दोन जनुकं आहेत, क्राय१एसी आणि क्राय२एबी. त्यांच्यामुळे झाडात तयार होणारं प्रथिन अळीच्या आतड्यात जाऊन तिला मारतं. एचटीमध्ये त्याशिवाय तिसरं जनुक घातलेलं असतं, तेही एका जिवाणूचंच. ग्लायफोसेट हे तणनाशक झाडातलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. ते विकर बंद पडलं की झाडाला काही अमिनो आम्लं बनवता येत नाहीत आणि झाड हळूहळू मरतं. शेजाऱ्याचं तण लगेच न मरता आठवड्याने पिवळं पडलं ते यामुळेच. तिसऱ्या जनुकाने झाडाला त्याच विकराचा असा एक प्रकार मिळतो ज्यावर ग्लायफोसेट चालत नाही. म्हणून पऱ्हाटी वाचते, बाकी सगळं हिरवं जातं.

बाकी सगळं म्हणजे तुमची तूरसुद्धा. हे कोणी विकणारा तुम्हाला सांगणार नाही. तुरीच्या तासांसकट वावर फवारलं तर तूर गेली. आपल्याकडे कापूस पडला त्या वर्षी घर तुरीने धरून ठेवलेलं आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. अमेरिकेतल्या सलग कापसाच्या शेतासाठी बनवलेली गोष्ट आहे ही. तुमच्या पीकपद्धतीत ती बसते का, याचा अभ्यास सरकारी पातळीवर जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला हवा होता.

आता कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचं म्हणणं वेगळं आहे, त्यांच्या मते कर्करोगाची शक्यता नाही. पहिली संस्था विचारते, या पदार्थात कर्करोग करण्याची क्षमता आहे का. बाकीच्या मुख्यतः विचारतात, प्रत्यक्षात माणसाच्या अंगावर जेवढं येतं तेवढ्याने होईल का. आणि ते ‘जेवढं येतं तेवढं’ काढताना हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, नीट चालणारा पंप बऱ्याचदा गृहीत धरलेला असतो. आपला फवारणीवाला बनियनवर, अनवाणी, गळक्या पंपाने फवारतो. त्याच्यासाठीचं उत्तर परदेशातल्या अहवालात मिळणार नाही. ते इथेच मोजायला पाहिजे, आणि ते मोजावं यासाठी मी आयुष्यभर बैठकांमध्ये भांडत आलो आहे.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. बीटीचं आपण काय केलं ते आठवा. मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. देशाची रुईची उत्पादकता तेव्हा हेक्टरी तीनशे किलोच्या आसपास होती, ती २०१३-१४ मध्ये साडेपाचशेच्या वर गेली. सगळं श्रेय बीटीचं नाही, पाऊस, खतं, ओलीत यांचाही वाटा होता, पण अमेरिकन बोंडअळीचा कणा मोडला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मग २०१० मध्ये बीटीच्या मालक मोन्सँटो कंपनीनेच जाहीर केलं की गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या, एकाच जनुकाच्या बीटीला दाद देईनाशी झाली आहे. काही वर्षांतच दुसऱ्या बीटीची, म्हणजे बोलगार्ड दोनचीही तीच गत झाली. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी अळीने कापसाचं काय केलं ते तुमच्या गावाला सांगायची गरज नाही.

हे का झालं? बीटीच्या पाकिटाबरोबर बिगरबीटी बियाण्याची छोटी पुडी यायची, १२० ग्रॅमची. ती वावराच्या कडेने लावायची होती. म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचा संकर प्रतिकारक अळ्यांशी होईल आणि प्रतिकार पसरायला वेळ लागेल. ती पुडी लावलेलं वावर शोधायला आम्ही गावंच्या गावं फिरायचो. कुठे ती बांधावर फेकलेली, कुठे ढोरांच्या गोठ्यात पडलेली. कास्तकाराला दोष देत नाही. अळी पोसण्यासाठी मुद्दाम ओळी लाव, असं नुसतं कागदावर छापून सांगितलं तर कोण ऐकेल? पुढे पुडी बंद करून ते बियाणं पाकिटातच मिसळायला लागले, पण तोवर उशीर झाला होता.

दुसरं कारण, आपण संकरित वाणांत बीटी आणलं. अशा झाडाच्या बोंडातल्या प्रत्येक सरकीत दोन्ही जनुकं असतातच असं नाही. काहीत दोन, काहीत एक, काहीत एकही नाही. गुलाबी अळी सरकीच खाते. एका सरकीतून दुसरीत जाताना तिला विषाचा थोडा थोडा डोस मिळत राहतो आणि ती सरावते. त्यात आपली फरदड, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी पऱ्हाटी. अळीला बारा महिने जेवण मिळालं.

तणांचंही असंच होतं. अमेरिकेत एचटी कापसावर वर्षानुवर्षं एकच ग्लायफोसेट मारलं आणि आपल्या माठाच्या कुळातलं एक तण त्याला पुरून उरलं. आता तिथे आणखी तीव्र तणनाशकं मारावी लागतात. आपल्याकडे तर हे बियाणं चोरून येतंय. किती एकरांत आहे याचा भरवशाचा हिशोब नाही, औषध किती वेळा मारलं याची नोंद नाही, आणि प्रतिकारक तण पहिल्यांदा दिसेल तेव्हा ते कास्तकार कळवणार कोणाला? कळवलं तर आधी स्वतःच अडकेल.

म्हणून माझं म्हणणं, तंत्रज्ञानाला माझा विरोध नाही. उघड चाचण्या घ्या, नियम लावा, नाही जमत तर नाही म्हणा आणि ते पाळा. हे जे मधलं चाललं आहे ते सगळ्यात घातक आहे.

---

वर्धेची_लेक

काका, तुमचं सगळं वाचलं आणि बरंच कळलं. पण या दोन्ही लेखांत निंदणाच्या बाया फक्त खर्चाच्या रकान्यात आल्या आहेत. मी अशाच एका बाईची मुलगी आहे. हिंगणघाट तालुक्यात आईने कितीतरी हंगाम निंदण केलं, त्याच पैशावर माझं डी.एड. झालं.

जुलै-ऑगस्टमध्ये निंदण हेच बिनजमिनीच्या घरातल्या बाईचं रोख उत्पन्न असतं. मग ऑक्टोबरपासून वेचणी. या दोन्हींच्या मध्ये हातात काही नसतं. शाळा जूनमध्ये उघडते, वह्या-गणवेश-चपला सगळं त्या निंदणाच्या पैशातून येतं. राळेगावच्या दादांचा हिशोब मला पटतो, त्यांचं पोट मोठं नाही आणि मजुरी परवडत नाही. पण ज्या तणनाशकाने त्यांचे एकरी निंदणाचे हजारो रुपये वाचतात, ते रुपये कोणाच्या तरी घरातून जातात. धोरण ठरवणाऱ्या समितीत कंपनी असते, शास्त्रज्ञ असतात, फार तर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी. निंदणाऱ्या बाईला कोणी कधी बोलावलेलं मी ऐकलं नाही.

निंदण टिकावं म्हणून मी हे लिहीत नाही, गैरसमज नको. आईचे गुडघे आणि कंबर त्यातच गेली. भर पावसात घोंगता पांघरून दिवसभर उकिडवं बसायचं, विळ्याने लव्हाळ्याचं मूळ उकरायचं. बोटांना चिखल्या व्हायच्या, रात्री ती खोबरेल तेलात हळद गरम करून लावायची. मला वाटतं कोणाच्याही आईला हे काम करावं लागू नये. पण ते काम जाणार असेल तर त्या बायांच्या हाताला दुसरं काय देणार हे आधी सांगा. रोजगार हमीची कामं गावागावात नेमकी पावसाळ्यात थंड पडतात.

आणि एक गोष्ट जी मोजमापात कधीच येत नाही. आई संध्याकाळी निंदणावरून यायची तेव्हा ओच्यात तरोटा, घोळ, चिवळ, रानमाठ असायचा. रात्रीची भाजी तीच. ज्याला तुम्ही तण म्हणून मारता त्यातलं अर्धं आमच्या ताटात होतं. ग्लायफोसेट मारलेल्या वावराच्या कडेची भाजी खायची की नाही, हे तिला कोण सांगतं? तण पिवळं पडेपर्यंत आठवडा जातो असं काकांनीच लिहिलं आहे. म्हणजे फवारल्यावर पुढचे काही दिवस ती भाजी हिरवीच दिसते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. ती कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हतं, मला फरक माहीत आहे. पण मेले त्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजीने फवारायला गेलेले मजूर होते. पंप तेच, फवारणारे हात तेच. काका म्हणतात तसं मोजमाप करायचं तर ते मालकाच्या घरापासून नाही, मजुराच्या घरापासून सुरू करा.

---

अकोटकर

मी शेतकरी संघटनेचा जुना कार्यकर्ता. ताई, तुमच्या आईला नमस्कार. तुम्ही मांडलेलं खोटं नाही. पण मजूर मिळत नाही म्हणून तण माजतं आणि पीक जातं, तेव्हा मालकही संपतो आणि वेचणीचं कामही संपतं. हे आमच्या भागात दर दोन-तीन वर्षांनी होतं.

१० जून २०१९ ला आमच्या अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला उघडपणे एचटीबीटी पेरलं गेलं. हजारावर शेतकरी जमले होते, पोलीस समोर उभे होते. चोरून नाही, सांगून पेरलं. कायदा मोडायची आम्हाला हौस नव्हती. शरद जोशींनी आम्हाला शिकवलं की शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य हवं तसं तंत्रज्ञानाचंही स्वातंत्र्य हवं. शहरातल्या माणसाला नवा मोबाईल घ्यायला समितीची परवानगी लागत नाही. माझ्या वावरात काय पेरायचं यासाठी मी दिल्लीकडे किती वर्षं बघत बसू?

पहिलं बीटीसुद्धा असंच आलं, हे आजच्या पोरांना माहीत नाही. २००१ मध्ये गुजरातमध्ये ‘नवभारत १५१’ नावाचं बियाणं पकडलं. आजूबाजूचा कापूस बोंडअळीने खाल्ला आणि हे तेवढं उभं, म्हणून तपासलं तर त्यात बीटीचं जनुक निघालं, परवानगीशिवाय. सरकार उभं पीक जाळायला निघालं होतं. शेतकरी आडवे आले, संघटना आडवी आली. पुढच्याच मार्चमध्ये बीटीला अधिकृत मान्यता मिळाली. त्या दिवसापासून आजपर्यंत या देशात व्यापारी लागवडीत असलेलं जनुक-बदललेलं पीक एकच, कापूस. बीटी वांगं २०१० मध्ये थांबवलं. त्याच जातीचं तंत्रज्ञान बांगलादेशाने घेतलं आणि तिथले शेतकरी २०१४ पासून लावताहेत. जनुक-बदललेल्या मोहरीला २०२२ मध्ये केंद्राच्या समितीने हिरवा कंदील दिला, ती सर्वोच्च न्यायालयात अडकली आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे दोन वेगळे निकाल आले.

आणि दुसरीकडे परदेशातल्या जीएम, म्हणजे जनुक-बदललेल्या, सोयाबीनचं तेल आपण वर्षानुवर्षं आयात करून खातो. ऑगस्ट २०२१ मध्ये तर कोंबड्यांच्या खाद्यासाठी जीएम सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला सरकारने परवानगी दिली आणि इथल्या सोयाबीनचे भाव पाडले. म्हणजे अर्जेंटिनाच्या शेतकऱ्याने पिकवलेलं चालतं, राळेगावच्या शेतकऱ्याने पिकवलेलं चालत नाही. याचं शास्त्रीय कारण काकांनी मला समजावून द्यावं.

माझं मत, लाव भाऊ. फक्त ओळखीच्या माणसाकडून घे.

---

कीडवाले_काका

अकोटकर, पेंडीच्या बाबतीत तुमचा राग रास्त आहे. शास्त्रीय कारण एवढंच देता येतं की पेंड उगवत नाही, तिचे पराग शेजारच्या वावरात जात नाहीत. पण भाव पडले त्याचं समर्थन मी करणार नाही, करू शकत नाही.

मोबाईलचं मात्र पटत नाही. तुमच्या मोबाईलने शेजाऱ्याचं सोयाबीन करपत नाही.

---

खरीप_रब्बी

मी कृषी खात्यात आहे, जिल्हा सांगत नाही. दादा, फाईल कुठे अडली ते विचारलंत म्हणून लिहितो.

जनुक-बदललेल्या पिकाला दोन चाळण्या आहेत. आधी जैवतंत्रज्ञान विभागाखालची समिती, नंतर पर्यावरण मंत्रालयाखालची जीईएसी ही समिती. शेतावरच्या चाचण्या घ्यायच्या तर २०११ पासून त्या राज्याचं ना-हरकत पत्रही लागतं. एचटीचा अर्ज कंपन्यांनी केलेला होता, बऱ्याच चाचण्याही झाल्या होत्या. त्याच सुमारास केंद्राने कापूस बियाण्याचे भाव नियंत्रणात आणले. पाकिटामागे जनुकाच्या मालकाला जी रक्कम जायची ती २०१६ मध्ये १६३ रुपयांवरून ४९ वर आणली, पुढे कमी करत २०२० मध्ये शून्य केली. तंत्रज्ञान इतर कंपन्यांना द्यावंच लागेल असाही मसुदा आला. कंपनीने २०१६ मध्ये एचटीचा अर्जच मागे घेतला. नंतरच्या काळात पुन्हा हालचाल सुरू झाली, पण मान्यता अजून मिळालेली नाही. तेव्हा ‘सरकार विज्ञानाला घाबरतं’ हेही पूर्ण खरं नाही आणि ‘धोका सापडला म्हणून नाकारलं’ हे तर अजिबात नाही. पैशाच्या आणि मालकीच्या भांडणात निर्णयच झाला नाही.

शेतकऱ्याच्या हिताचं म्हणून भाव उतरवले, मलाही तेव्हा ते योग्य वाटायचं आणि आजही पाकीट दोन हजाराला जावं असं वाटत नाही. पण नवीन काही आणायला कोणी पुढे येईना, त्या रिकाम्या जागेत चोर बीटी शिरलं. सरकारी संस्थांनी स्वतःचं, पुढच्या वर्षी घरचं बियाणं वापरता येईल असं सरळ बीटी वाण वेळेत आणि भरपूर प्रमाणात दिलं असतं तर ही वेळ आली नसती, असं मला मनापासून वाटतं.

ग्लायफोसेटचं वेगळंच. आपल्याकडे त्याची नोंदणी आहे चहाचे मळे आणि बिनपिकाच्या जागेसाठी. कापसावर त्याला मान्यता नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रण चालकांनीच वापरायचं. असा चालक तुमच्या गावात कधी पाहिलात? मीही नाही. बियाण्याला बंदी आणि औषधावर कागदी निर्बंध, दोन्हींची अंमलबजावणी शेवटी आमच्यासारख्या तीन-तीन गावं सांभाळणाऱ्या माणसावर येते.

तपासणी काय असते तेही सांगतो. पान चुरडून छोट्या नळीत द्रावणाबरोबर घोटायचं, कागदाची पट्टी बुडवायची, पाच-दहा मिनिटांत रेघ उमटते. एक रेघ आली तर साधं, दोन आल्या तर एचटी. इतकं सोपं आहे. दोन रेघांची पट्टी हातात धरून समोरच्या म्हाताऱ्या कास्तकाराकडे बघायचं, आणि मग काय करायचं? त्याचं उभं पीक उपटायला कोणी धजत नाही, आणि उपटूही नये. विकणाऱ्याला पकडावं तर त्याचं दुकान नाही, बिल नाही, माल बऱ्याचदा गुजरात-तेलंगणाकडून आलेला.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. अकोटकर दादा म्हणतात ओळखीच्या माणसाकडून घे. ओळखीचा माणूस म्हणजे तपासणी नव्हे. या पाकिटांत काहीत एचटी आहे पण बोंडअळी मारणारं जनुक नाही, काहीत नुसतंच सरमिसळ बियाणं, असं सगळं निघतं. फवारल्यावर अर्धी पऱ्हाटी तणाबरोबर मेली अशी वावरं मी पाहिली आहेत. अधिकृत बियाणं उगवलं नाही तर तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येतं, पंचनामा होतो. त्यासाठी बिल, पाकीट, टॅग, थोडं शिल्लक बियाणं लागतं. चोर बीटीचा माणूस तुम्हाला यातलं काहीच देत नाही. पीक बुडालं तर कुठे जाणार?

---

पऱ्हाटीवाला_राळेगाव

सगळ्यांचे आभार, मनापासून. रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवलं. वडील तुरीच्या मुद्द्यावर अडले, ‘तूर मारून कापूस वाचवायचा हे आपल्याला जमणार नाही’ म्हणाले. बायको ताईंच्या लेखावर बराच वेळ बोलत होती. तिची मावशी अजून निंदणाला जाते.

एक मला स्पष्ट म्हणायचं आहे. काकांनी आणि कृषी खात्यातल्या दादांनी जे लिहिलं ते आमच्या तालुक्यात येऊन कोणी सांगितलं का? पाकीट विकणारा माणूस दर मे महिन्यात दारात येतो, चहा पितो, पोरांची चौकशी करतो. मग आम्ही ऐकायचं कोणाचं? सरकारला हे बियाणं द्यायचं असेल तर बिलासकट द्या. द्यायचं नसेल तर आमच्यासाठी दुसरा उपाय घेऊन त्या माणसाच्या आधी दारात या. आता जे चाललंय त्यात नफा एकाचा, शिस्तीचं भाषण दुसऱ्याचं आणि जोखीम सगळी माझी.

यंदा लावणार नाही. पण जुलैत पुन्हा झड लागली तर तणाचं काय करू ते सांगा. तुरीला धक्का लागू नये असं.

---

कीडवाले_काका

लिहून ठेवा. पेरणी झाल्या झाल्या, उगवायच्या आत, ओल असताना पेंडिमिथॅलिन हे तणनाशक. पेरल्यापासून दोन दिवसांच्या आत मारा, त्यानंतर उपयोग कमी होतो. ते कापसाला चालतं आणि तुरीलाही चालतं. पहिला महिना तण बरंच दबून राहतं, म्हणजे तीनपैकी एक निंदण वाचेल. लव्हाळ्यावर मात्र त्याचा भरवसा धरू नका, तो उकरूनच काढावा लागतो. पुढे गवतवर्गीय तण माजलं तर क्विझॅलोफॉप इथाइल, ते रुंद पानांच्या पिकाला सोडतं. केन्याला ते लागू पडत नाही, त्याला हात किंवा डवराच. पायरिथिओबॅक असलेलं जोड-तणनाशक दुकानदार कापसासाठी म्हणून देईल, ते तुरीच्या तासावर जाऊ देऊ नका. मात्रा लेबलवर असते तीच, पंपाच्या टोपणाने अंदाजे नाही. चपटा नोझल, वर प्लास्टिकचं टोपरं, वारा पडलेला असताना, आणि मागे सरकत फवारायचं म्हणजे फवारलेल्यातून आपले पाय जात नाहीत. हातमोजे स्वतःला घ्या तसे रोजीच्या माणसालाही घ्या.

१ जूनच्या आधी पेरू नका, गुलाबी अळीचा पहिला फेरा उपाशी जाऊ द्या. आणि फुलं लागायच्या सुमारास कामगंध सापळे लावा, एकरी दोन. सापळ्यात पतंग वाढले की मला इथेच कळवा, मी रोज पाहतो.

---

वर्धेची_लेक

राळेगावच्या दादा, दोन निंदण उरतील ना, तर ते गावातल्याच बायांना आधी सांगून ठेवा. जूनमध्येच तारीख ठरवली आणि थोडी उचल दिली तर बाया शब्द पाळतात, बाहेरगावच्या ऑटोचा खर्च वाचेल. आमच्याकडे बचत गटाच्या बाया असं ठरवून गुत्त्याने म्हणजे ठेक्याने काम घेतात. आणि फवारणी ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या दिवशी त्यांना निरोप द्या, म्हणजे त्या बांधावरची भाजी तोडणार नाहीत.

---

अकोटकर

ठीक आहे भाऊ, तुझं वावर, तुझा निर्णय. आम्हीही एवढ्याचसाठी भांडतोय. खात्यातल्या दादांना एक विनंती, ती पट्टीची तपासणी कास्तकाराला स्वतःला करता येईल अशी तालुक्याच्या ठिकाणी ठेवता येते का बघा. पाकीट फोडून चार बिया कुंडीत लावल्या, पान आणून दाखवलं, आपण काय विकत घेतलंय ते कळलं. कारवाई नको, फक्त माहिती. मी आमच्या तालुक्यात तसा लेखी अर्ज या सोमवारी देतोय.